अर्ध्या मिनिटाचा उशीर

पूर्वी माणिकपुरात माझं केबलचं काम होतं. गच्च्यांवरून वायरी ओढायच्या, चर्चचा सण आला की तो आमच्या लोकल चॅनलवर दाखवायचा, आणि मॅचच्या दिवशी वायर तुटली की लोकांच्या शिव्या खायच्या. मग इंटरनेटने सगळं गिळलं. ज्याच्या हातात फोन, त्याचं चॅनल! बराच चरफडलो, पण शेवटी मीही तेच शिकलो. लग्नं, साखरपुडे आणि सगळ्यात जास्त अंत्यविधी थेट दाखवू लागलो. आमच्याकडे घरटी एक माणूस आखातात, कॅनडात नाहीतर बोटीवर. इथे फादरांनी मिस्सा सुरू केली की तिकडे त्यांच्या भिंतीवरच्या टीव्हीवर माझी लिंक उघडते.

मला या कामाचा गर्व होता, हे कबूल करतो. चित्र अडकलेलं मला खपायचं नाही. इथलं नेटवर्क कधी मान टाकेल सांगता येत नाही, म्हणून मी चित्र लगेच न सोडता अर्धं मिनिट साठवून मग सोडायचो. मध्ये नेट गेलं तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नसे. इतर शूटिंगवाले ही युक्ती विचारायला यायचे आणि मीही भाव खायचो.

मग आई गेली. बहीण कुवेतला नर्स आहे, तिला सुट्टी मिळेना. फोनवर ती रडत म्हणाली, "दादा, दुसऱ्या कोनाला देऊ नको. तूच दाखव."

आमच्या घरात शवपेटी झाकण्याआधी मुलं एकेक करून पुढे होतात आणि अंगठ्याने मयताच्या कपाळावर क्रूस काढतात. तिचा क्रूस मी काढायचा असं ठरलं. माझा क्रूस झाला की ती टीव्हीसमोर उभी राहून प्रार्थना म्हणणार, मग "आता" म्हणणार, आणि तेव्हा मी अंगठा टेकवायचा. त्यासाठी मी कानात इयरफोन घालून तिचा कॉल चालू ठेवला, कॅमेरा स्टँडवर लावला आणि पेटीजवळ जाऊन उभा राहिलो.

कॉलवरचा आवाज लगेच पोचतो आणि टीव्हीवरचं चित्र अर्ध्या मिनिटाने, हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा समजावलं असेल. त्या दिवशी ते माझ्याच डोक्यात आलं नाही. माझा क्रूस काढून झाला. मी तिच्या आवाजाची वाट बघू लागलो. कानात नुसते हुंदके. फादर माझ्याकडे बघत होते, मागे लोक ताटकळले होते. मला वाटलं, बिचारीला बोलवत नाही. मग तिचाही क्रूस मीच काढला आणि मागे सरलो. झाकण बसलं.

आणि तेव्हा कानात तिची प्रार्थना सुरू झाली. अगदी शांत आवाजात, शब्द न चुकवता. तिच्या टीव्हीवर माझा क्रूस आत्ता कुठे संपला होता. प्रार्थना अर्ध्यावर असताना तिला टीव्हीवर मी तिच्या क्रूसासाठी वाकलेला दिसलो असेन; ती एकदम म्हणाली, "दादा, थांब ना! माझं म्हनून झालं नाही. कोनाला झाकू देऊ नको."

मी बंद झाकणाकडे बघत म्हणालो, "थांबलोय."

धावत जाऊन लिंकच बंद करावी असं मनात आलं, पण मी पेटीजवळच उभा राहिलो. थोड्याच क्षणांत तिच्याही टीव्हीवर झाकण बसलं असणार, कारण कॉल कट झाला.

ती अजून फोन करते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. त्या दिवसाबद्दल एकदाच बोलली, "जाऊ दे दादा, एकदा झाकल्यावर तू तरी काय करनार?" मी हूं म्हणालो. झाकणाचे स्क्रू तेव्हा लावलेले नव्हते. फादरांना सांगून एक मिनिट उघडता आलं असतं. सगळ्या गावासमोर माझं शूटिंग चुकलं म्हणायची मला लाज वाटली. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.