हातभर ओरखडे

साकोलीहून दिघोरीला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, धानाची निंदाई करणाऱ्या बाया घालतात तसा. धानाचं पान अंगाला कापू नये म्हणून तो घालायचा. हिनं मात्र दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या आणि हातभर लाल ओरखडे दिसत होते.

"मावशी, मांजरानं ओरबाडलं का?"

ती एवढ्या मोठ्यानं हसली, की कंडक्टरनं वळून पाहिलं. "धानानं, भाऊ! माह्या सोताच्या बांधीतल्या."

यंदा तिनं आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सिलिकॉनचं खत टाकलं होतं. हे खत रेतीतल्याच मालाचं, असं कळल्यावर नवरा म्हणाला होता, "रेती खाऊन धान होते का?" मग पावसानं दडी मारली. शेजारच्या बांधीत पानांच्या सुरळ्या झाल्या. हिचं धान मात्र ताठ उभं, आणि पान हाताला करवतीसारखं.

"पान जाड झालं का पाणी धरून ठेवते," असं म्हणत तिनं नव्या बांगड्या दाखवाव्यात तसे हात पुढं केले.

"मग बाह्या खाली करायच्या ना!"

"लोकायच्या बांधीत खालीच राहतेत. आपल्या बांधीतलं कायले झाकू?"

दिघोरी आलं. स्टँडवर सायकल धरून एक माणूस उभा होता. "थे पाहा, रेतीवाले!" म्हणत ती घसरलेली बाही वर सारून उतरली.

मी खिडकीतून पाहिलं. हँडलवरच्या त्याच्या हातांवरही तसेच ओरखडे होते, आणि त्याच्याही बाह्या कोपरापर्यंत वर होत्या.