कापसात उतरलेलं विमान

ठिबकची नळी गळली की आम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधतो. आज बांधताना रबराचा वास बोटांना लागला आणि धुळ्याच्या धावपट्टीलगतचं आमचं कापसाचं शेत आठवलं.

शिकाऊ विमान उडता उडता बंद पडलं आणि कापसात घसरत आलं. नाकावरचा पत्रा उचकटला होता. वैमानिक पोरगी धडपणे बाहेर आली. विमानशाळेचे साहेब धावत आले. त्यांनी आधी इंजिनावर ताडपत्री टाकली, मग तिची विचारपूस केली.

"पक्षी धडकला," ते म्हणाले. पीस एकही दिसलं नाही.

माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, ताडपत्री पडायच्या आधीच इंजिनातल्या नळीला बांधलेलं रबर पाहिलं होतं. "आपुन नळीले बांधतस, तीच पट्टी शे," ते हळूच म्हणाले.

पुढे विमान डोक्यावरून गेलं, की दिसेनासं होईपर्यंत नाना काम थांबवून, इंजिनाच्या आवाजाला कान लावून बघत राहायचे. तेव्हा आम्हाला वाटायचं, हौस आहे.