कच्चा दोरा

सगळे त्यांना ‘बेताचे मिस्त्री’ म्हणायचे. त्यात कुणालाच अपमान वाटत नसे, फक्त नव्या गिऱ्हाइकाचा चेहरा पडायचा. जुन्या ट्रॅक्टरचं काम संपलं की मिस्त्री हात पुसत सांगायचे, "झालं. अगदी बेताचं झालंय." बिचाऱ्याला वाटायचं, काम यथातथाच झालं. मग कुणीतरी समजावायचं, की बाबा, यांच्या तोंडी बेताचं म्हणजे सैल नाही, घट्ट नाही, हवं तेवढंच.

मागच्या एक्सलच्या बेअरिंगला तर हा बेत फारच लागतो. तिथे कागदासारख्या पातळ पत्र्या घालतात. एक पत्री काढली की बेअरिंग आवळतं, एक घातली की सैल होतं. जास्त आवळलं तर तापून जळतं, सैल राहिलं तर चाक डुलतं. पुस्तकात लिहिलंय, हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुंब्याला, दोरा गुंडाळा, स्प्रिंगच्या काट्याने ओढा आणि हब फिरताना काटा दीड ते दोन किलोच्या मध्ये राहतो का बघा. मिस्त्रींनी ते पुस्तक चाळीस वर्षं स्टुलाच्या आखूड पायाखाली ठेवलं होतं. ते हबवर तळवा ठेवायचे, डोळे मिटून अर्धा फेरा द्यायचे आणि त्यांना कळायचं.

शेडचा अर्धा भाग त्यांचा, अर्धा बायकोच्या शिलाई मशीनचा. मध्ये पडदा. ग्रीस आणि कापड यांनी एकमेकांना शिवू नये आणि बायकांना यंत्रातलं कळत नाही, ही मिस्त्रींची दोन ठाम मतं. दुसरं मत ते शिलाई मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून सांगायचे.

"मग हे मी चालवते ते काय, पाळणा?" पडद्यामागून यायचं.

दोन महिन्यांपूर्वी मिस्त्रींच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. उकळत्या चहाचा पेला धरला, बोटं भाजली आणि त्यांना पत्ताच नाही. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे तर मुठीचाच प्रश्न होता. नेमकी त्याच सुमारास बायको चहा कानाच्या कपातून द्यायला लागली, तेव्हाही ते कुरकुरले, "मी काय पाहुणा आहे?"

अशात दूधवाले आपल्या वडिलांच्या काळातला ट्रॅक्टर घेऊन आले. मागचं चाक बेवड्यासारखं झुलत होतं.

"मिस्त्री, जमत नसेल तर सांगा. नव्या वर्कशॉपमध्ये नेतो."

"ज्या दिवशी मला जमणार नाही, त्या दिवशी दारावरची ही पाटी उतरवीन!" मिस्त्री म्हणाले. तोंडातून गेलं आणि मग त्यांना बोटं आठवली.

चाक काढून, नवं बेअरिंग बसवून त्यांनी हबवर तळवा ठेवला, डोळे मिटले, फेरा दिला. हाताने काहीच सांगितलं नाही. त्यांना खरंच भीती वाटली. पोरं मोठी होऊन आपापल्या घरी गेली, मित्र एकेक करून कमी झाले, तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

शेवटी पुस्तक निघालं, स्टूल कलंडलं. काटाही सापडला. राहिला दोरा. बायकोकडे मागावा, तर कशाला हवा ते सांगावं लागणार. ती गिऱ्हाइकाची मापं घ्यायला बाहेर गेली, तसा मिस्त्रींनी पडद्याखालून हात घालून एक पांढरं रीळ लांबवलं.

दोरा गुंडाळला, ओढला. काटा एक किलोपर्यंतही गेला नाही, तोच दोरा तुटला. म्हणजे बेअरिंग फारच आवळलंय! मिस्त्रींनी एक पत्री घातली. पुन्हा तुटला. आणखी एक. तुटला. तिसरी घातल्यावर दोरा टिकला, पण आता हब खुळखुळायला लागलं आणि काटा जागचा हलेना. पत्र्या काढाव्यात तर दोरा तुटतो, घालाव्यात तर काटा चढत नाही. दुपारपर्यंत जमिनीवर पांढऱ्या दोऱ्याचा गुंता झाला आणि त्यात मिस्त्री.

"अहो, हे काय मांडलंय?" बायको दारात उभी होती.

"पुस्तकच चुकीचं छापलंय."

"नाचता येईना अंगण वाकडं." तिने दोऱ्याचं टोक उचललं आणि दोन बोटांनी तोडलं. "हा कच्चा दोरा आहे. कच्चे टाके घालायचा. शिवण झाली की उसवून टाकायचा असतो, म्हणून तुटायलाच केलेला! चोरी करायची तर निदान रीळ तरी बघून करावी."

ती काज-बटणांचा दोरा घेऊन आली. जाड, चिवट. मिस्त्रींनी हात पुढे केला, पण तिने दोरा दिला नाही, उलट काटाच उचलला.

"मी ओढते. बोटांना कळत नाहीये तुमच्या."

"तुला कुणी सांगितलं?"

"कानाचा कप उगाच आणला का मी?"

मिस्त्रींनी पत्र्या काढायला घेतल्या. ते ओढत होते तेव्हा काटा उड्या मारत होता, तिने ओढला तसा शिवणीसारखा सरळ चालला. घातलेल्या तिन्ही पत्र्या निघाल्या. काटा पावणेदोनवर थांबला. मग तिने न विचारता हबवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि अर्धा फेरा दिला. चाळीस वर्षं पडद्याच्या फटीतून पाहिलेलं तिला पाठ होतं.

"असं असतं होय, बेताचं," ती पुटपुटली.

दूधवाले आले तेव्हा चाक चढवायचंच बाकी होतं. "हात लावून सांगा, मिस्त्री. तुम्ही म्हणालात की माझं समाधान."

मिस्त्रींचा हात उचलला गेला आणि मध्येच थांबला. खोटं बोलणं एका शब्दाचं काम होतं. त्यांनी पाटीकडे पाहिलं.

"माझ्या हाताला आता कळत नाही," ते म्हणाले. "हिला विचारा."

दूधवाले गोंधळले. "वहिनी, तुम्हाला हे कसं कळणार?"

तिने तळवा ठेवला, फेरा दिला, सावकाश.

"चाळीस वर्षं या माणसाला ना कधी फार आवळलं, ना कधी सैल सोडलं," ती म्हणाली. "हे बेअरिंग तर उलट बोलतही नाही. बेताचं आहे, न्या. आणि पाटीला कुणी हात लावायचा नाही."