रिकामं पोतं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सत्त्याण्णव साली विश्रामबागेतल्या एका ऑफिसात प्रोग्रामरच्या एकाच जागेसाठी परीक्षेला आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि फलटणची एक अनोळखी मुलगी. हळदीच्या पोत्यांच्या वजनाची नोंद ठेवणारा सी प्लस प्लसमधला प्रोग्राम होता. प्रोग्रामात नवं पोतं तयार करून त्यात सुरुवातीचं वजन भरणारं फंक्शन म्हणजे कन्स्ट्रक्टर; अशा एका कन्स्ट्रक्टरमधून वजन भरायला मी दुसऱ्या कन्स्ट्रक्टरला बोलावलं होतं, तरी वजन भलतंच येत होतं. तिनं ओढणी सावरत माझ्या स्क्रीनकडे नुसतं पाहिलं.

"आवं, तुमी आत दुसरंच पोतं जन्माला घातलं. ते भरलं अन् तिथंच संपलं. ह्ये पहिलं रिकामंच हाय. दोघांचं सारखं काम तिसऱ्या फंक्शनात टाका की."

मी थक्क झालो. कीबोर्डला हात न लावता तिला ते दिसलं होतं, आणि तिनं ते मला सांगितलंही होतं.

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी येऊन विचारलं, "चूक कुणी शोधली?"

"मी," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघून फक्त हसली. नोकरी मला लागली.

तिची माफी मागायची अजून राहिली आहे.