उकळलेली प्लेट

माझी धाकटी बहीण गेली त्याला हा दुसरा हिवाळा. तिच्याविषयी लिहायला बसते तेव्हा दुःखाचं काही लिहावं असं मनात असतं, पण हाताशी येतं ते भलतंच. परवा आठवली ती शेगडीवर पातेल्यात उकळणारी तिची दातांची प्लेट, आणि मी एकटीच हसत बसले.

एकाहत्तरच्या लढाईचे ते दिवस. आम्ही खमरियाला दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा तयार मालाच्या तपासणीवर होते, आणि ओव्हरटाइम इतका, की घरी ते जेवण्यापुरते आणि झोपण्यापुरतेच दिसत. बहीण दुसरीत होती. ती पाळण्यातल्यापासून अंगठा चोखायची. कडुलिंबाचा रस लावून झाला, चिंधी बांधून झाली. अंगठा काही सुटला नाही. दुधाचे दात पडून नवे आले ते बाहेर झुकलेलेच, आणि वरच्या-खालच्या दातांत फट राहिली. तोंड मिटलं तरी पुढचे दात एकमेकांना भेटत नसत. पोळीचा घास ती दाढेनं तोडायची. वर्गातली पोरं तिला ‘ए गिलहरी’, म्हणजे ए खारूताई, म्हणून हाक मारत. बोलताना, हसताना तिचा डावा हात आपोआप तोंडावर जाई.

शहरात सदर बाजारात दातांचे एक डॉक्टर होते. मुलांच्या दातांसाठी अशी प्लेट करणारे आमच्या माहितीत ते एकटेच. त्यांनी बाबांना स्पष्ट सांगितलं, “अभी हड्डी कच्ची है, भाईसाहब. अभी समझाओगे तो मान जाएगी. बड़ी हो गई तो नहीं मानेगी.”

बाबांना हे लगेच पटलं. नवरात्राच्या सुमाराला प्लेट आली. टाळूला बसणारी गुलाबी चकती, पुढच्या दातांवरून जाणारी एक तार, आणि आतल्या बाजूला तारेचंच बारीक कुंपण, म्हणजे अंगठा आत गेलाच तर त्याला चोखण्यात गोडी वाटू नये. जेवताना काढायची, थंड पाण्यानं धुवायची आणि लगेच पुन्हा घालायची, एवढंच डॉक्टरांचं सांगणं.

बहिणीनं पहिले काही दिवस घर डोक्यावर घेतलं. तार टोचते, लाळ गळते, कविता म्हणता येत नाही. आईची अडचण वेगळीच होती. तोंडातून निघालेली वस्तू उष्टी. ती ठेवायची कुठं? स्वयंपाकघरात तर नाहीच. शेवटी मोरीच्या कट्ट्यावर एक जुनी वाटी नेमून दिली. प्लेट काढली की हात धुवायचे, घातली की पुन्हा धुवायचे. तरी आईचं समाधान होईना. थंड पाण्यानं उष्टं कसं निघेल? फॅक्टरीच्या दवाखान्यात तिनं सुया उकळताना पाहिल्या होत्या.

लढाई सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांनी, एका सकाळी बहीण न्याहारी करत असताना आईनं प्लेट उचलली आणि पाणी खळखळत असलेल्या पातेल्यात सोडली. मी तिथंच पुस्तक घेऊन बसले होते. चिमट्यानं बाहेर काढली तेव्हा ती भाजलेल्या पापडासारखी एका बाजूनं वर वळली होती.

“ही अशी काहून झाली?” आई म्हणाली.

बहिणीनं तोंडात घालून पाहिली. बसेना. पुन्हा फिरवून पाहिली. मला वाटलं, आता ही नाचणार, सुटली एकदाची. पण तिनं जमिनीवर बसकण मारली आणि भोकाड पसरलं.

“अगं, काहून रडून राहिली? तुलाच नको होती ना?”

“माझे दात परत बाहेर जातील!” ती हुंदके देत म्हणाली. “आधी दात मिटले तरी पाटीवरची पेन्सिल मधून जायची. आता अडकते. मी रोज बघून राहिली ना!”

आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, की ती रोज शाळेत बाकाखाली वाकून आपली फट मोजत होती.

आईनं शेगडी विझवली. बाबा येईपर्यंत थांबू, असं मी म्हटलं, तर म्हणाली, “ते येईपर्यंत दात थांबतील काय?” आई कधी एकटी शहरात गेली नव्हती. त्या दिवशी तिनं नवं लुगडं नेसलं, वाकडी प्लेट डब्यात घातली आणि आम्हा दोघींना घेऊन बस पकडली. बसमध्ये शिफ्ट सुटलेले लोक होते. क्वार्टरांच्या शेजारच्या लाइनीत राहणाऱ्या एकानं उठून आईला जागा दिली.

“भाभीजी, भैया का खाना लेके उल्टी तरफ कहाँ चलीं?”

“खाना नहीं, दाँत है,” आई गंभीरपणे म्हणाली.

तो दोन पावलं मागं सरकला. बस हसली. बहीणही हसली, तोंडावर हात ठेवून.

डॉक्टरांनी डबा उघडला आणि प्लेट उलटसुलट करून पाहिली. आई काहीतरी सबब सांगेल असं मला वाटलं. ती सरळ म्हणाली, “मैंने उबाली. तोंड की चीज़ है, थंडे पानी से कैसी साफ होगी? आप सुई उबालते हो ना?”

डॉक्टर खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. डोळे पुसत म्हणाले, “बात तो सही है, माताजी. पर सुई लोहे की है, ये प्लास्टिक है.”

मग त्यांनी फळीवरून पहिल्या भेटीतला दातांचा प्लास्टरचा साचा काढला. बहिणीचं तोंड पुन्हा गुलाबी लगद्यानं भरलं, या वेळी तिनं हूं की चूं केलं नाही. नवा साचा वाळल्यावर त्यांनी दोन्ही शेजारी ठेवले. फट अर्ध्यावर आली होती. आई दोन्हींकडे आळीपाळीनं पाहत राहिली. पण ज्या पुडीची प्लेट बनते ती कलकत्त्याहून यायची होती आणि गाड्या अडकल्या होत्या. “ट्रेनें तो आप ही के कारखाने का माल ढो रही हैं,” डॉक्टर म्हणाले. “तब तक अँगूठा मुँह में गया, तो सब मेहनत पानी में.”

रात्री बाबांनी वाकडी प्लेट दिव्याजवळ धरून पाहिली आणि एवढंच म्हणाले, “रिजेक्ट.” आई रुसली नाही. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पनागरच्या भाजीवाल्याकडून टोपलीभर मटार घेतले आणि बहिणीसमोर ओतले. शेंग फोडायला अंगठाच लागतो. शाळेतून आली की बहीण मटार सोलायला बसे. आमचे संपले, शेजारणींनी आपापले आणून दिले. “बिटिया, हमारे भी छील दे!” दाणे कुणाच्या भाजीत, कुणाच्या कचोरीत गेले. तिचा अंगठा हिरवा झाला, नखाला शेंगेचा वास चिकटला. मधेच तो सवयीनं वर निघे, तोंडापाशी जाऊन थबके, आणि ती स्वतःच त्याच्यावर खेकसे, “चल, काम कर!” झोपताना ती आपली मूठ आईच्या मुठीत देऊन टाकी.

लढाई संपली. गल्लीत पेढे वाटले. त्यानंतर काही दिवसांनी पूड आली आणि नवी प्लेट तयार झाली. डॉक्टरांनी तिच्या दातांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “वाह बिटिया, बिना ताले के घर सँभाला.” नव्या प्लेटला आईनं गरम पाण्याच्या जवळपास फिरकू दिलं नाही. थंड पाण्यानं धुऊन वर नर्मदेच्या पाण्याचे दोन थेंब शिंपडायची, आणि तिचं समाधान व्हायचं.

पुढच्या वर्षी प्लेट निघाली. त्या रविवारी आम्ही सगळे नर्मदेवर ग्वारीघाटला गेलो. नावेत बाबा काहीतरी बोलले, आणि बहीण दोन्ही हात नावेच्या काठावर ठेवून, मान मागं टाकून अशी हसली, की नावाड्यानंही वळून पाहिलं. आईनं इकडं तिकडं पाहिलं आणि दबक्या आवाजात दटावलं, “अगं, पोरीच्या जातीनं इतके दात दाखवून हसू नये!”

ते तिनं शेवटपर्यंत ऐकलं नाही.