नौशीनच्या तीन वेली

नौशीनला एका जागी बसणं जमायचंच नाही. विद्यापीठात एमएस्सी वनस्पतिशास्त्राला आम्ही दोघी दोन वर्षं एका बाकावर बसलो. तास संपेपर्यंत ती चारदा खिडकीबाहेर बघायची आणि दिसलेल्या झाडाचं नाव वहीच्या कडेला लिहून ठेवायची. ती देवगाव रंगारीची. तिचे वडील कमरोद्दीन तिथं शिवणकाम करतात. घरात दखनी उर्दू, गिऱ्हाइकांशी गावची मराठी. नौशीन दोन्ही भाषांत तेवढ्याच तडफेनं भांडायची. अब्बांचं म्हणणं, तिनं बीएड करून शाळेत लागावं. सुट्टीत घरी गेली की मशीनवरून मान वर न करता ते विचारायचे, "कब तक पत्ते गिनते बैठती?" तो प्रश्न तिला आठवडाभर कुरतडायचा.

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी तिनं दौलताबादच्या पलीकडची एक टेकडी निवडली. चार खुंट्या ठोकायच्या, दोरीनं मीटरभराचा चौकोन आखायचा, त्यात उगवलेलं सगळं मोजायचं, मग पुढचा चौकोन. तिला झाडांपुरतं थांबता येईना. दगडफूल, शेवाळ, अळंबी, गोगलगायी, सगळं वहीत. आमच्या मार्गदर्शक राजनंदिनी मॅडम म्हणायच्या, "अगं, असं सगळंच मोजत बसलीस तर इथंच म्हातारी होशील."

ऑगस्टात निवडुंगाच्या आडोशाला तिला तीन नाजूक वेली दिसल्या. बोटाच्या पेराएवढी फुलं, खाली फुगीर, वर पाकळ्यांची टोकं जुळलेली. कंदीलपुष्प, एवढं तिनं लगेच ओळखलं. पण त्यातलं कुठलं? त्याच्या जाती पुष्कळ, काही एकाच डोंगरापुरत्या उरलेल्या. पुस्तकातल्या वर्णनाशी फूल जुळलं तर पान जुळेना.

मॅडमनी फोटो पाहिले. "कंद बघितल्याशिवाय नक्की सांगता यायचं नाही. मुळासकट एक रोप आण."

"मॅडम, तीनच आहेत."

"माझी सक्ती नाही. पण नमुना नसेल तर परीक्षकांना दाखवणार काय?"

त्यानंतरचे आठ दिवस तिनं स्वतःला आणि मलाही स्वस्थ बसू दिलं नाही. खुरपं घेऊन दोनदा टेकडीवर गेली आणि तशीच परत आली. तिसऱ्यांदा मी बरोबर होते. तिनं खुरपं मातीत रोवलं, बाहेर काढलं, माती परत दाबून बसवली. तेवढ्यात शेळ्या घेऊन सांडूमामा आले. त्या टेकडीवर ते रोजच असत.

"काय हरवलं का पोरी?"

तिनं वेली दाखवल्या.

"ही तर खरपुडी. ल्हानपणी आम्ही खणून खायचो. लई गोड कंद. तवा टेकडीभर व्हती."

"आणि आता?"

"आता लई वर्सांनी बघतोय."

नौशीननं खुरपं पिशवीत टाकलं. मग एक फूल खुडून तिनं स्पिरिट भरलेल्या औषधाच्या बाटलीत बुडवलं आणि आम्ही उतरलो.

पुढच्या रविवारी वेली नव्हत्या. जमिनीलगत कुरतडलेले बुडखे आणि आजूबाजूला लेंड्या. ती तरातरा सांडूमामांकडे गेली.

"मामा, तुमच्या शेळ्यांनी खाल्ल्या."

"व्हय, खाल्ल्या असतील," ते म्हणाले. "पर वरलंच. कंद खाली हाय. पुढल्या पावसात फुटंल."

"नाही फुटला तर?"

"तर नाय फुटला."

तोंडी परीक्षेत तिच्या यादीत त्या वेलीपुढं 'ओळख अनिश्चित' असं लिहिलेलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं, गुणही कापले. दिवसभर ती मला विचारत राहिली, "खोदायला पाहिजे होतं का गं?" मी नाही म्हटलं. तिला पटलं नाही.

पुढं ती पिशोरला कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. जूनपासून दर रविवारी टेकडी. जून कोरडाच गेला, जुलैतही काही नाही. अब्बा आधी रागावले, मग एका रविवारी दुकान बंद ठेवून स्वतःच तिला स्कूटरवरून घेऊन गेले. त्या दिवशी वेली सापडल्या, तीन नाही, पाच.

तिनं मॅडमना फोन केला आणि त्या खरोखर आल्या. गुडघ्यावर बसून त्यांनी एका वेलीच्या बुडाशी बोटांनी माती उकरली, कंद जागच्या जागीच मोजला आणि माती पुन्हा लोटली.

"साधीच जात आहे, नौशीन. सगळीकडे सापडते." मग हात झटकत म्हणाल्या, "हे गेल्या वर्षीच करता आलं असतं. खोलीत बसून सांगण्यापेक्षा मी इथं यायला हवं होतं. चूक माझी."

तिला घेऊन आलेले अब्बा बाजूला उभे होते. "तो इतना भागी कायकू?"

"पता नहीं अब्बा," ती म्हणाली.

मला वाटलं, आता सुटली. सप्टेंबरात रविवारी फोन केला तर पलीकडे वारा घोंघावत होता. टेकडीवरच होती.

"पाचातल्या एकीलाच शेंग धरलीय," ती म्हणाली. "फुलं तर सगळ्यांना आली होती. मग बाकीच्यांना का नाही?"