एक भाकरी जास्त

आमच्या फ्रिजवर कायम एक यादी लावलेली असते. गॅस, वीजबिल, सासूबाईंच्या गोळ्या, मुलीची फी. महापेच्या एका कंपनीत मी ॲडमिनचं काम बघते. पाण्याच्या जारपासून आगीच्या मॉक ड्रिलपर्यंत तिथलं सगळं माझ्या गळ्यात, त्यामुळे घरी आल्यावरही हात आपोआप पेनाकडे जातो. सासूबाई त्या यादीला हसायच्या. "श्वास कवा घ्यायचा त्ये बी लिवून ठेव, न्हायतर इसरशील," म्हणायच्या.

त्यांचं स्वतःचं एक काम ठरलेलं होतं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ओळखीच्या घरात कुणी गेलं की त्या घरी कडू घास त्या न्यायच्या.

आमच्या साताऱ्याकडे, ज्या घरातून माणूस गेलं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. स्मशानातून मंडळी परतली की शेजारचं कुणीतरी पिठलं-भाकरी करून आणतं. पिठल्याला फोडणी नसते. सोबत कडुलिंबाचा पाला. आणणारीने नुसतं ठेवून जायचं नसतं. बसायचं, आपणही एक घास खायचा आणि समोरच्याला खायला लावायचा. तो घास पोटात गेला की मग त्या घराने पुन्हा चूल पेटवायची. सासूबाई माळकरी होत्या, पण देवाधर्माचं फार बोलत नसत. एकादशी पाळायच्या, संध्याकाळी हरिपाठ म्हणायच्या आणि कुणी मेल्याचं कळलं की पिठाचा डबा काढायच्या. आमची सोसायटी ऐरोलीची, निरनिराळ्या गावांची आणि जातीधर्मांची माणसं. सासूबाईंनी कधी कुणाची जात विचारली नाही. खालच्या मजल्यावरच्या केरळच्या बाईंना पिठलं म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यांनीही नवरा गेला तेव्हा सासूबाईंच्या शेजारी बसून खाल्लं.

ऐरोलीत फ्लॅट घेण्याआधी आम्ही दिघ्याला राहायचो. सासरे वाशीच्या मार्केटात माथाडी होते. डोंगराच्या उतारावर एकाला एक चिकटलेल्या खोल्या, मध्ये जेमतेम टेम्पो शिरेल एवढी गल्ली. सासरे गेले, आम्ही ऐरोलीला आलो, पण सासूबाईंचा जीव दिघ्यालाच होता. फोन तिकडचे, भांडणंही तिकडची.

दोन वर्षांपूर्वी त्या गल्लीत एक अपघात झाला. आमच्या जुन्या खोलीच्या समोर राहणाऱ्या बाईचा मुलगा टेम्पो चालवायचा. गाडी मागे घेताना चाकाखाली एक लहान मुलगी आली. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या आजीची नात. जागेवरच गेली. त्याला लोकांनी मारलं, मग पोलिसांनी नेलं. तो प्यायलेला होता असं काही जण म्हणत होते, काही म्हणत होते नव्हता. सासूबाईंनी त्या दिवशी आजीच्या घरी कडू घास नेला. आजीने खाल्ला नाही, तेव्हा त्या तिच्या शेजारी अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या आणि शेवटी एक तुकडा तिच्या तोंडात घालूनच उठल्या.

मुलगा जामिनावर सुटून आला. गल्लीत कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. थोड्याच दिवसांत त्याने स्वतःचा जीव दिला.

हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. तिथे भाजी विकणाऱ्या एका बाईचा फोन आला. मुलाला पोचवायला गावाकडचे दोन भाऊबंद आले होते, त्याच दिवशी परत गेले. त्याची आई खोलीत एकटी आहे आणि तिने गॅस पेटवलेला नाही. "कुनी गेलंच न्हाई वं तिच्याकडं," भाजीवाली सांगत होती. "मी तरी कशी जाऊ, मला त्याच गल्लीत धंदा करायचाय."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि परात घेतली.

त्यांचं हृदय तेव्हा बरंच कमजोर झालं होतं. पायांवर सूज, दोन खोल्या चालल्या की धाप. डॉक्टरांनी जिने बंद केले होते, आणि दिघ्याची ती गल्ली म्हणजे चढच. मी म्हटलं, "आई, मी करते आणि मीच नेऊन देते. तुम्ही नका येऊ."

"तुला बसायला जमंल?"

"जमेल की. त्यात काय."

"न्हाई जमायचं. तू घड्याळ बघशील."

हे खरं होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर निघायचं ठरवलं. ऑफिसला अर्धी रजा टाकली. पाण्याची बाटली, त्यांच्या गोळ्या, जिभेखालची गोळी वेगळ्या पुडीत, डॉक्टरांचा नंबर, बसायला वर्तमानपत्र, असं सगळं भरलं. गेटजवळच्या कडुलिंबाची डहाळी वॉचमनकडून तोडून घेतली. डबा बांधताना बघितलं तर भाकऱ्या तीन.

"एकट्या बाईला तीन कशाला? दोन पुष्कळ झाल्या."

"एक जास्त असू दे."

त्या दिवशी एकादशी होती. सासूबाईंनी सकाळी फक्त दूध घेतलं होतं. मी एकादशी करत नाही, तेव्हा बसून घास खायचं काम माझ्याकडे असणार असं मी धरून चालले होते.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबते, पुढे जात नाही. आजी पायरीवरच बसली होती. नातीचा फोटो तिच्या मागे दारातून दिसत होता, हार सुकलेला. सासूबाईंना बघून ती उठली नाही. तिची नजर पिशवीवर आणि वर आलेल्या पाल्यावर गेली.

"कुनाकडं?"

"ठावं हाय तुला," सासूबाई म्हणाल्या.

"माझ्याकडं आनला व्हता त्योच घास?"

"त्योच. दुसरा कुटला असतोय?"

आजीने मागे वळून फोटोकडे बघितलं. मग म्हणाली, "तुला जायचं तर जा. माझ्या दारावरनं नको नेऊस."

मला वाटलं सासूबाई काही समजावतील. पोराची चूक, आईची काय, असं काहीतरी. त्यांनी फक्त मान हलवली आणि मागे फिरल्या. त्या खोलीकडे जायला दुसरी वाट नाल्याच्या कडेने आहे, लांबची, उंच पायऱ्यांची. मी म्हटलं, "आई, रस्ता काही तिच्या मालकीचा नाही. दोन मिनिटांत पोचू इथून."

"दार तिचं हाय," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

त्या पायऱ्या मला अजून आठवतात. चार चढायच्या, थांबायचं. नाल्यात प्लास्टिक आणि काळं पाणी. एका ठिकाणी त्या खाली बसल्या, ओठ निळसर झालेले. मी गोळी काढली. त्यांनी ती जिभेखाली ठेवली आणि हाताने मला बसायची खूण केली. मी घड्याळ बघितलं. त्यांनी मला बघताना बघितलं.

खोलीचं दार ढकललेलं होतं. आत दिवा नाही. ती बाई भिंतीला टेकून बसली होती, आम्हाला बघून सावरली, पदर घेतला. माझ्यापेक्षा चारदोन वर्षांनीच मोठी असेल, पण चेहरा वाळून गेला होता. ओट्यावर शेगडी पुसून ठेवलेली. कोपऱ्यात मुलाची चप्पल.

"आक्का, तुमी कशाला आला," ती म्हणाली. "लोकं तुमास्नी नावं ठेवत्याल."

"ठेवू देत. भांडं कुटं हाय?"

"माज्या घरचं कुनी पानी बी घेत न्हाई आता."

सासूबाईंनी मला ओट्याकडे बोट दाखवलं. मी ताटली शोधली, धुतली, पिठलं वाढलं. बाई ताटाकडे बघेना. मग मी ठरल्याप्रमाणे भाकरीचा तुकडा मोडला, कडुलिंबाचं पान चावलं आणि घास खाल्ला. थंड झालेलं पिठलं आणि तो कडवटपणा, घशाखाली जाईना. ती बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"तुमच्या सुनंचं काय," ती सासूबाईंना म्हणाली. "ती हापिसात कुनाबी संगं बसून खात आसंल. तिला इथनं जायाचं हाय."

मला राग आला आणि तेवढंच ते बरोबरही होतं.

सासूबाईंची धाप अजून बसली नव्हती. त्यांनी ताट स्वतःकडे ओढलं. वरची भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि तोंडात घातली. सावकाश चावायला लागल्या. गळ्यातली माळ त्यांच्या श्वासाबरोबर वरखाली होत होती.

ती बाई एकदम पुढे सरकली. "आक्का, आवो, आज एकादस हाय."

त्यांच्या एकादश्या तिला पाठ होत्या. दिघ्याला असताना दर एकादशीला सासूबाईंसाठी रताळी हीच आणून द्यायची.

"हाय," सासूबाई म्हणाल्या आणि दुसरा तुकडा मोडला. तो स्वतः खाल्ला नाही, तिच्यासमोर धरला.

तिने तो हातात घेतला. बराच वेळ धरून ठेवला. मग खाल्ला. खाताना ती रडली नाही, आवाजही केला नाही, फक्त चावत राहिली. मधेच कोपऱ्यातली चप्पल उचलून मागे ठेवली आणि पुन्हा खायला लागली. अर्धी भाकरी खाऊन म्हणाली, "आता न्हाई जात." सासूबाई म्हणाल्या, "र्‍हाऊ दे. सांजच्याला गॅस पेटव. नुसता चहा कर, पन पेटव." मी भांडी धुतली, पण त्या उठेनात. मी घड्याळ बघितलं नाही. बाहेर गल्लीतल्या पोरांचा क्रिकेटचा आवाज येत होता, आणि प्रत्येक गाडीच्या हॉर्नला ती बाई दचकत होती.

परतताना पुन्हा त्याच पायऱ्या. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "आई, एकादशी मोडली तुमची."

"ठावं हाय. म्हनून तर एक जास्त केली व्हती."

बस, एवढंच. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. प्रायश्चित्त वगैरे काही केलं नाही, पुढची एकादशी नेहमीसारखी पाळली.

त्या दिवसाची किंमत मात्र त्यांना मोजावी लागली. दिघ्याचे फोन बंद झाले. आक्का दोन्हीकडे जेवते असं तिथे बोललं जायचं, ते फिरून आमच्यापर्यंत आलं. माझ्या हळदीकुंकवाला सात-आठ जणी यायच्या, त्या वर्षी तिकडची एकही आली नाही. सासूबाई फोन हातात घेऊन बसायच्या. एकदा म्हणाल्या, "कुनाचा फोन न्हाई. म्हंजी कुनी मेलं न्हाई. ब्येस हाय." तेवढ्यापुरत्या हसल्या. मुलाची आई भावाकडे गावी गेली असं कळलं. तिचा नंबर लागत नाही. ती कशी आहे हे मला आजही माहीत नाही.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. आठवडाभर हॉस्पिटलात होत्या. शेवटचे दोन दिवस त्यांना श्वास घेताना बघणं कठीण होतं. यादीच्या चेष्टेची आठवण मला तेव्हा झाली आणि ती नको झाली.

मग मला जे येतं ते मी केलं. दाखला, ॲम्ब्युलन्स, स्मशानातली वेळ, फोन कुणी कुणाला करायचे, गावाकडून येणाऱ्यांची सोय. एकेक खूण करत गेले. मंडळी स्मशानातून परतली, आंघोळी झाल्या, आणि घरात सगळे भिंतीला टेकून बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कडू घास कोण आणणार हे मी कुठेच लिहिलेलं नाही. ते काम त्यांचं होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी आले, भला माणूस. "वहिनी, जेवण मागवू का? टेन्शन घेऊ नका, व्हेज पुलाव सांगतो सगळ्यांसाठी." ह्यांनी "बरं" म्हटलं. केरळच्या बाई चहाचा थर्मास ठेवून गेल्या.

पुलाव यायच्या आधी बेल वाजली. दारात दिघ्याची आजी. हातात फडक्यात बांधलेलं पातेलं, वर कडुलिंबाचा पाला. ती आत आली, सासूबाईंच्या फोटोकडे बघितलं, नमस्कार केला नाही. माझ्यासमोर खाली बसली, भाकरी मोडली, एक घास स्वतः खाल्ला आणि एक माझ्या हातात दिला.

"तिनं माज्याकडं आनला व्हता," ती म्हणाली. "म्हनून आले."

मी खाल्लं. मग ह्यांनी, मुलीने. तिने प्रत्येकाच्या तोंडाकडे बघितलं, खाल्ल्याची खात्री केली. मग म्हणाली, "पातेलं रिकामं करून दे. आत्ताच. आनून द्यायला येऊ नगंस."

मी पिठलं दुसऱ्या भांड्यात काढलं आणि नळाखाली पातेलं घासलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी पातेलं पुसून तिच्या हातात दिलं. तिने ते फडक्यात बांधलं, गाठ मारली, पण निघाली नाही.

"त्या बाईनं खाल्लं व्हतं का? त्या दिवशी?"

"खाल्लं," मी म्हटलं. "अर्धी भाकरी."

तिने गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली. लिफ्ट वर येत होती, तिची वाट न बघता ती जिन्याने उतरून गेली.